डासांचं समीकरण आणि नळाचं पाणी

गणिताच्या मास्तरानं डासांचा नाद केला की किस्से आपसूक जमतात. जालन्यातल्या एका कॉलेजात मी गणित शिकवतो. प्राणीशास्त्राच्या तौर मॅडमनी मला या नादाला लावलं. त्या शहरातल्याच मस्तगड भागात राहतात, मुलगी दुसरीत. डेंग्यू कुठे वाढेल हे समीकरणातून काढायचं आणि पावसाळ्याआधी तो रोखायचा, एवढाच आमचा हट्ट.

प्रयोगासाठी खोली मागितली, तर प्राचार्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "डास कोणत्या विभागाचे?"

मॅडम म्हणाल्या, "अळी असेपर्यंत माझे. मोजले की सरांचे."

प्राचार्यांनी मान डोलावली आणि खोली कोणालाच दिली नाही.

*

घरोघरच्या अळ्या गोळा करायला विद्यार्थी लावले. एकाच्या बाटलीत दर खेपेला नुसत्या अळ्याच अळ्या! चौकशी केली, तर गड्यानं होस्टेलच्या गच्चीवर बादली भरून अळ्या पाळलेल्या.

"सर, प्रॅक्टिकलचे मार्क अळ्यांवरच हायेत ना?"

मी चिडलो. मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या सर. आपली परीक्षा पद्धत डासांना बराबर मानवली."

*

मस्तगडात एका मावशींना म्हटलं, पाण्याचा ड्रम दर आठवड्याला रिकामा करून घासत जा.

"घासते की. मंग नळ कधी येईन, ते बी तुमचं गणित सांगून राह्यलं का?"

त्याच दिवशी दोनदा नळ येण्यामधलं दिवसांचं अंतर समीकरणात घातलं आणि इतके दिवस न जुळणारं सगळं जुळलं. नळ जितका लांबतो तितकं पाणी साठवलं जातं, आणि डास त्यातच वाढतात. धूर फवारून फारसा फरक पडत नव्हता.

*

हे घेऊन आम्ही पालिकेतल्या एका मोठ्या साहेबांपुढे उभे राहिलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"उत्तम काम. फक्त ते पाण्याचं तेवढं काढून टाका."

"पाणी काढलं तर डास राहतील कुठं, साहेब?"

"ठेवा की तुमच्या गणितात कुठंतरी."

आम्ही नकार दिला. मग त्यांनी रिपोर्टच बाजूला ठेवला आणि धुराच्या गाड्या मागवल्या. रस्ताभर मी संतापानं बडबडत होतो.

*

पावसाळ्यात मॅडमच्या मुलीलाच डेंग्यू झाला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा सलाईन चालू होतं, प्लेटलेट घसरत होत्या. मॅडम तिचा हात धरून बसल्या होत्या. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला.

मॅडम उठल्या, पदर खोचला.

"सर, जरा हिच्यापाशी बसा. नळ आलाय. ड्रम भरून येते."