काटा शंभराच्या खाली

सौंसरसारख्या गावात फिजिक्सच्या मास्तरानं दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार बाळगायची म्हणजे आपणहून हसं करून घ्यायचं. मी ते हौसेनं करून घेतलं. गाडी नागपुरातून तिसऱ्या हातानं घेतलेली, इतकी बसकी की शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरवर दर वेळी पोट घासायची. आधीच्या मालकानं तिचा टर्बो बदलला होता, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घेतलं होतं, सायलेन्सर रुंद केला होता. ताकद वाढवली, पण ताकदीबरोबर उष्णताही वाढते, तिची काहीच सोय केली नव्हती. बायको म्हणायची, या गाडीत दोघंच बसतात आणि त्यातली दुसरी मी नाही. ते खरंच होतं. दुसऱ्या सीटवर बहुतेक वेळा ऑइलचा डबा बसलेला असायचा.

गाडी आता नाही. तिच्यासाठी मी हे लिहीत नाही. पांढुर्ण्याला लेथवर काम करणारे एक मिस्त्री होते, त्यांच्या हाताबद्दल लिहायचं आहे. आयुष्यभर त्या हातानं कधी चूक केली नाही, आणि तो चुकतो असं त्यांना मी पटवून दिलं.

झालं असं की गाडी घेतल्यावर मी ऑइलच्या तापमानाचा एक काटा डॅशबोर्डवर बसवला. तो बसवेपर्यंत मी सुखी होतो. इंजिन ऑइल नव्वद ते एकशेदहाच्या मध्ये असलेलं बरं. उन्हाळ्यात छिंदवाड्याकडे जाताना घाट लागला की माझा काटा एकशेपस्तीसवर जायचा. इतकं तापलं की ऑइल पातळ होतं, बेअरिंगवर त्याचा थर टिकत नाही आणि लोखंड लोखंडाला घासू लागतं. हे माहीत असलेल्या माणसानं तो काटा बघत घाट चढायचा म्हणजे काय असतं ते मला विचारा. मी एसी बंद करायचो, खिडक्या उघडायचो, इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटर लावायचो. मे महिन्यात हीटर. बायको एकदाच त्या घाटातून माझ्याबरोबर आली, नंतर तिनं बस धरली.

जाड ऑइल घालून पाहिलं, दर दोन महिन्यांनी बदलून पाहिलं. नागपूरच्या एका वर्कशॉपनं सांगितलं की पुढे ऑइल कूलर बसवा, पण या गाडीचे भाग इथे मिळणार नाहीत. तेव्हा कुणीतरी मला पांढुर्ण्याच्या मिस्त्रींकडे पाठवलं.

मिस्त्री जाम नदीपलीकडे सावरगावात राहायचे आणि पुलाच्या अलीकडे त्यांचा लेथ होता. साठीचे, किरकोळ अंगाचे, कमी बोलणारे. जिनिंगच्या मशिनींचे शाफ्ट, पंपांचे बुश, ट्रॅक्टरची इंजिनं, सगळं त्यांच्याकडे यायचं. त्यांच्याकडे तापमान मोजायचं काहीच नव्हतं. चालत्या इंजिनाच्या ऑइल चेंबरजवळ ते हाताची मागची बाजू न्यायचे, मग ऑइल मोजायची दांडी ओढून दोन बोटांत ऑइल चोळायचे, नाकाशी धरायचे आणि निकाल द्यायचे. हा दिवसभर चालेल. याला आत्ताच बंद कर. लोक ऐकायचे, कारण न ऐकणाऱ्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं.

मी फिजिक्सचा माणूस. मला आधी गंमत वाटली. मग मी एकदा माझ्या काट्याशी त्यांचा हात पडताळून पाहिला. ते म्हणाले, गाडी घाटातून आणली की सावकाश आणली ते मला सांगू नका, ऑइलवरून मी सांगतो. चार वेळा पाहिलं, चारही वेळा बरोबर.

त्यांनी कूलर बसवला. कुठल्याशा मोठ्या मशीनचा हायड्रॉलिकचा कूलर आणला, ऑइल फिल्टरच्या खाली बसेल अशी जाड चकती ॲल्युमिनियममधून लेथवर काढली, तिला दोन तोंडं पाडली आणि त्यातून ऑइल पुढे नेऊन परत आणलं, काट्याचा सेन्सरही त्याच चकतीत बसवला. चार रविवार गेले. घाटात काटा एकशेअठरावर थांबला. मी खूश झालो, मिस्त्री झाले नाहीत. त्यांचं म्हणणं, हवा कूलरमधून आत शिरते, पण तिला मागून बाहेर जायला वाट नाही. ती वाट केली की काम पुरं होईल, तोवर उन्हात गाडी पळवू नका.

त्याच दिवसांत एकदा मी त्यांना नागपूरला डॉक्टरांकडे नेलं, याच गाडीतून. त्यांना जुनी साखर होती. तळपाय बधिर झाले होते आणि डॉक्टरांनी सांगितलं की सांभाळलं नाही तर पुढे हातांच्या बोटांवर येईल. परत येताना ते सौंसर जवळ आल्यावर म्हणाले, "पाय गेले तं चालते सर. बोटाईची समज गेली तं मी काय करू?" ही गोष्ट घरी सांगू नका म्हणाले. मी नाही सांगितली. पुढे मी काय केलं ते पाहता, घरी सांगितली असती तर बरं झालं असतं.

हवेची वाट करायची राहूनच गेली. मध्ये बोर्डाची परीक्षा आली. एक दिवस मला दिसलं की काट्याचा सेन्सर जिथे चकतीत बसवला आहे तिथून ऑइल पाझरतंय. थेंबभर. एवढ्यासाठी पांढुर्ण्याला कशाला जायचं? आमच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे. ठिबकची नळी, मोटारीचा नळ, फिल्टर, आट्यांचं जे जे असेल त्यावर पांढरी टेफ्लॉनची टेप गुंडाळायची ही आमच्या हातांना लहानपणापासूनची सवय. विचार करावा लागत नाही. मी सेन्सर काढला, सात-आठ वेढे टेप गुंडाळली, घट्ट पिळून बसवला. पाझर बंद झाला.

आणि काटाही उतरला. घाटात शंभराच्या खाली. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. दुपारी, उन्हात, पूर्ण जोरात. मी गाडीत एकटाच हसत होतो. मला वाटलं, नवीन ऑइल लागू पडलं. मग वाटलं, कूलरमध्ये हवा अडकली असेल ती निघाली. माणसाला हवं ते मिळालं की कारणं आपोआप सुचतात.

तसाच गाडी घेऊन पांढुर्ण्याला गेलो, मिस्त्रींना दाखवायला. लेथवर त्या वेळी तीन-चार शेतकरी बसले होते. मी इंजिन चालू ठेवून त्यांना काटा दाखवला. ते काट्याकडे बघेनात. वाकले, चेंबरजवळ हात नेला आणि पटकन मागे घेतला. दांडी ओढली, ऑइल चोळलं, वास घेतला.

"तेल जळून राहिलं सर," ते म्हणाले. "तुमचा काटा खोटं बोलून राहिला. गाडी इथंच ठेवा."

मला राग आला. इतक्या महिन्यांनी मिळालेलं सुख हा माणूस दोन बोटांनी काढून घेतोय असं वाटलं. शिवाय लोक बघत होते. आणि माझ्या तोंडातून निघालं, "मिस्त्री, काटा खोटं बोलत नसतो. तुमच्या बोटांचं मात्र आता सांगता येत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते विसरले काय?"

त्यांनी दांडी पुसली, जागेवर घातली, बॉनेट लावलं. एका शेतकऱ्यानं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? हात स्वतःच्या समोर धरून मिस्त्री अंगठ्यानं एकेक बोट दाबून बघायला लागले. मी ते पाहिलं आणि गाडीत बसून निघून आलो. माफी मागावी असं मला तेव्हा वाटलं नाही, कारण माझ्याकडे काटा होता.

मे महिन्यात घाटाच्या वरच्या वळणावर इंजिन ठोकायला लागलं. आधी हलकं, मग हातोडीनं ठोकावं तसं. काटा अठ्ठ्याण्णववर होता. शेवटची गोष्ट मी तीच पाहिली, काटा शंभराच्या खाली आणि इंजिन बंद. एका ट्रॅक्टरनं दोर बांधून खाली आणलं. ट्रॅक्टरवाला वाटेत दोनदा मागे वळून हसला, त्याचा काही राग आला नाही.

नागपूरला इंजिन उघडलं तेव्हा मी समोर होतो. बेअरिंग काळी पडून सोलली होती, शाफ्टवर बोट अडकेल अशा चिरा. मेकॅनिकनं सेन्सर काढला, टेपचं भेंडोळं नखानं सोडवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या सेन्सरला एकच वायर असते. दुसरी वाट, म्हणजे अर्थिंग, त्याच्या आट्यांतून इंजिनाच्या लोखंडात जाते. मी त्या आट्यांवर वीज न वाहणारी टेप गुंडाळली होती. सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि काटा चढतो. माझ्या टेपनं मध्ये जास्तीचा रोध घातला, काट्याला वाटलं ऑइल गार आहे. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. फळ्यावर आकृती काढून शिकवतो. मिस्त्रींच्या हाताला जे समजलं होतं ते माझ्या डिग्रीला समजलं नाही, आणि मी भर लोकांत हाताला आंधळं ठरवलं.

त्या दिवशीच पांढुर्ण्याला जायला हवं होतं. नागपूरहून रेल्वे सरळ तिथे जाते. मी सौंसरची बस पकडली.

मग मी कारणं काढत गेलो. निकाल लागायचे आहेत. शाळा उघडली. बगीच्यात बहाराची फवारणी. पोळा आला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जायचा प्रश्नच नव्हता, गोटमारीला, म्हणजे दोन काठांच्या दगडफेकीला, सगळं गाव नदीवर. मग सहामाही परीक्षा. गाडी भंगारात गेली होती, तेव्हा बसनं जावं लागेल हेसुद्धा मी एक कारण म्हणून वापरलं. खरं एवढंच होतं की मला लाज वाटत होती, आणि ती रोज थोडी वाढत होती. बायकोनं एकदा विचारलं, मिस्त्रींना सांगितलं का? मी म्हणालो, जाऊन येतो. सहा महिने मी जाऊन येत होतो.

दिवाळी झाल्यावर गेलो. लेथच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. मला वाटलं रस्ता चुकलो, कारण पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्या रस्त्यावर पाट्या फार बदलल्यात. दुकानदारानं सांगितलं, मिस्त्रींनी मशीन विकली, घरीच असतात.

सावरगावात त्यांचं घर विचारत गेलो. ते ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, घरात चहाचं सांगितलं. गाडीचं विचारलं. मी सगळं सांगितलं. टेप, अर्थिंग, बेअरिंग, सगळं. म्हणालो, तुमचा हात बरोबर होता, मीच मूर्ख. हे वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

ते शेंगा सोलायचे थांबले. मग त्यांनी दसऱ्याच्या आधीचं सांगितलं. जावई ट्रॅक्टर घेऊन आला होता, गव्हाच्या वावराची नांगरट व्हायची होती. इंजिनाचा आवाज वेगळा येतोय म्हणाला. मिस्त्रींनी हात नेला.

"हाताले गरम लागलं होतं," ते म्हणाले. "लई गरम. पण म्या म्हटलं, आपला हात आता खरा नाई, सरनं सांगतलं होतं, सर शिकेल-सवरेल माणूस. त्याले म्हटलं, काही नाई, ने घेऊन."

नांगरटीच्या दुसऱ्या दिवशी इंजिन जाम झालं. जावई बोलायला आला नाही, पण लेक दिवाळीला माहेरी आली नाही. त्यानंतर मिस्त्रींनी लेथ विकला. ज्या हाताचा आपल्यालाच भरवसा नाही, त्याच्यावर दुसऱ्याचं इंजिन कसं सोपवायचं, असं त्यांचं म्हणणं. बोटं अजून ठीक आहेत असं डॉक्टर सांगतात, पण त्यांना ते खरं वाटत नाही.

चहा आला. कप हातात देताना त्यांनी विचारलं, "तुमाले कधी समजलं सर, टेपचं?"

मे महिना. दसऱ्याच्या चार-पाच महिने आधी. एक बस, एक तास, एक वाक्य, आणि तो ट्रॅक्टर त्यांनी थांबवला असता. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, साधं विचारत होते.

मी म्हणालो, "परवाच. इंजिन परवाच उघडलं."

ते जरा सैल झाले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मंग तुमचा काय दोष सर? तुमाले तरी कसं समजावं." आणि घरात हाक देऊन माझ्यासाठी चिवडा मागवला. तो मी खाल्ला.