वावरातलं टेकाड आणि बाबांचा डोजर

बाबांनी डोजर घेतला तेव्हा मला विचारलं नव्हतं. मी हिंगणघाटच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. शनिवारी दुपारी गावी पोचलो, तर आमच्या वावराजवळ एका लांब ट्रॉलीवरून तो उतरवत होते. पिवळा रंग जागोजागी उडालेला, चाकांच्या जागी लोखंडी चेन, पुढे कमरेइतकं उंच पातं. गिरडच्या बाजूची एक गिट्टी खदान बंद पडली होती, तिथून तो आला होता. डोजरांमध्ये तो लहानच म्हणायचा, पण सुरू केल्याबरोबर आमच्या बैलांनी दावं ताणलं.

"कोन चालवते हा, बाबा?" मी विचारलं.

"तू."

बाबा थट्टा करत नाहीत.

"मले कुठं येते?"

"काऊन? सारं लिवून हाये त्याच्यावर. वाचता येते ना तुले?"

मी वर चढून पाहिलं. दांड्यांजवळ पत्र्याच्या पट्ट्या होत्या आणि त्यांवर खरोखरच बरंच काही लिहिलेलं होतं. पण ते मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं आणि इंग्रजीही नव्हतं. काड्या जुळवून ठेवल्यासारखी कुठली तरी अक्षरं.

"बाबा, हे दुसरीच भाषा हाये."

"मंग?"

"मले नाई समजत."

शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. ते म्हणाले, "घ्या! पोरगं बी.ए. केलं, आन डोजर दुसऱ्याच शाळेतला निघाला!"

बाबा हसले नाहीत. ते गोंधळल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. चौथीत असल्यापासून घरातले सगळे कागद, फवारणीच्या बाटल्या, एसटीच्या पाट्या मीच त्यांना वाचून दाखवत आलो. जिथं अक्षर आहे तिथं आपला पोरगा पोचतो, हा त्यांचा हिशेब कधी चुकला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यांनी मला शिकवलं नसतं तर मी आज कुठे असतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी खाली उतरलो नाही. "पाहू, शिकतो," म्हणालो.

डोजर कशासाठी, हे मात्र विचारावं लागलं नाही. आमच्या वावराच्या मधोमध मुरमाचं आणि काळ्या दगडांचं एक टेकाड होतं. बैल त्यावर चढत नसत. वखराचा प्रत्येक तास, म्हणजे मातीत उमटणारी ओळ, धुऱ्यापासून सरळ निघायचा, टेकाडाशी वाकायचा आणि पलीकडे पुन्हा सरळ व्हायचा. आजोबांचे तास तसेच होते, बाबांचेही. आई शिदोरी घेऊन आली की टेकाडाच्या अलीकडून हाका मारायची आणि बाबांना ऐकू जायच्या नाहीत. बाबांचे गुडघे आता दुखतात. गेल्या पेरणीच्या आधी ते म्हणाले होते, "मी वखर धरून हाये तवरीक एक तास या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापावतर सरळ काढाचा हाये. बस." ताशी भाड्यानं मशीन मिळतं, पण मशीनवाला येतो-येतो म्हणत आलाच नव्हता, आणि बाबांना वाट पाहवत नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डोजर शिकलो. त्याला स्टेअरिंग नसतं, दोन दांडे असतात. उजवा ओढला की उजवीकडची चेन इंजिनापासून सुटते, डावी चालत राहते आणि डोजर उजवीकडे वळतो. डाव्याचंही तसंच. सपाट जमिनीवर मी हे दोन-तीन दिवसांत जमवलं. टेकाडाच्या कडा तुटू लागल्या. विहिरीच्या बाजूला वावर खोलगट आहे, तिथं मी मुरूम लोटू लागलो. बाबा पुढे उभे राहून हातानं दिशा दाखवायचे, जसे बैलांना दाखवतात.

मग एका सकाळी मी टेकाडाच्या माथ्यावरून पातं उचलून खाली निघालो. खाली डाव्या हाताला विहीर होती. तिच्यापासून दूर जावं म्हणून मी उजवा दांडा ओढला. डोजर डावीकडे वळला. मला वाटलं दांडा कमी ओढला गेला, म्हणून आणखी ओढला. डोजर आणखी डावीकडे, नेमका विहिरीकडे.

"तिकडं काऊन जाऊन राह्यला बे!" बाबा ओरडले.

"मी नाई जाऊन राह्यलो!"

"मंग कोन?"

हात उजवीकडे सांगत होता आणि डोळ्यांना डावीकडे दिसत होतं. "पातं टाक!" बाबांनी हाक दिली. मी पातं सोडलं. ते जमिनीत रुतलं आणि डोजर विहिरीच्या काठाच्या बराच अलीकडे थांबला. मी इंजिन बंद केलं. आई धावत येऊन फक्त माझा हात धरून उभी राहिली.

नंतर मोबाईलवर एक व्हिडिओ पाहून कारण कळलं. उतारावर इंजिन डोजरला ओढत नसतं, उलट अडवून धरत असतं. सोडलेली चेन मागे राहत नाही, वजनानं पुढे पळते आणि डोजर उलट्या बाजूला वळतो. ब्रेकही दाबायचा असतो. मी हे वहीत काढून दोनदा समजून घेतलं. पण उतार आला की अजूनही हात आधी दांड्यावर जातो आणि मग मला उजवं कोणतं ते आठवावं लागतं.

तरी टेकाड गेलं. वावर सपाट झालं. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर उभी असलेली आई दिसू लागली.

बाबांनी बैल जुंपले. पहिला तास सरळ निघाला आणि टेकाड होतं त्या जागी बैल वळले. तिथं काहीच नव्हतं. बाबांनी कासरा ओढला, "हां, हां" केलं, तरी बैलांनी आपला वळसा पूर्ण केला. परत येतानाही तसंच.

"मी समोर चालतो," मी म्हणालो आणि बैलांच्या पुढे झालो. थोड्या वेळानं आईचं हसणं ऐकू आलं. "बैलाइले काय बोलता? हा पाहा ना, हाही फिरून राह्यला!"

मी थांबून पाहिलं. खरंच, मी टेकाडाला वळसा घालत होतो.

"तू वखर धर," बाबा म्हणाले. "मी चालतो समोर."

ते समोरच्या धुऱ्यावर उभ्या आईकडे नजर ठेवून चालू लागले. बैल त्यांच्या मागे, वखर धरून मी शेवटी. त्या जागी त्यांचं पाऊल किंचित डावीकडे पडल्यासारखं मला वाटलं, पण बैलांच्या पाठींमधून नीट दिसत नव्हतं, आणि मी हाक मारली नाही. धुऱ्याला पोचल्यावर बाबांनी गुडघ्यावर हात टेकले आणि मागे न बघताच विचारलं, "निघाला का सरळ?"

मी वळून तास पाहिला. अंगठा डोळ्यासमोर धरून पाहिला. उकरलेली माती दूरवर बारीक होत गेली होती.

"मले तं सरळ दिसते."

"दिसते, का हाये?"

त्यांना वाचून दाखवायचं काम माझंच होतं. मी पुन्हा पाहिलं. मग आम्ही दोघांनीही आईकडे पाहिलं. तास संपला तिथं ती अगदी समोर उभी होती, तिला सगळं दिसलं असणार. तिनं बाबांच्या हातात पाण्याचा लोटा दिला आणि म्हणाली, "बसा आधी."