कॉम्प्युटरनं कोरलेली भुवई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पार्लरच्या खुर्चीत बसल्या की बायका मला काय काय सांगतात – सासूचं, नणंदेचं, शेजारणीचं – पण माझं मी कधी कुणापुढं काढलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमच्या भुवया काही माझ्या हाताखाली यायच्या नाहीत. आणि आता पोटात मावतही नाही.

यवतला हायवेच्या कडेला माझं पार्लर. दुसरं दौंडला, माझ्या जावेचं. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. लग्नसराईत नुसती झुंबड असायची. नवरी कधी एकटी येते का? तिच्याबरोबर करवल्या, मावश्या आणि ‘माझं फक्त केसांचं हो’ म्हणत शेवटी सगळंच करून घेणारी आत्या. कुठला ग्रुप यवतला, कुठला दौंडला, यावरून आम्ही जावा फोनवर भांडायचो. त्यावर जावेच्या मुलीनं, रुबीनानं, तोडगा काढला.

रुबीना कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. ग्रुपचं बुकिंग करायला तिनं इंटरनेटवर एक फॉर्म बनवला. गिऱ्हाइकांच्या घरची पोरं सायबर कॅफेत बसून तो भरायची. ‘किती जणी?’ या रकान्यात एकानं लिहिलं होतं, ‘जीपमध्ये मावतील तेवढ्या.’ फॉर्म आला की रुबीना दौंडहून तो कॅलेंडरवर टाकायची आणि मला यवतला लगेच दिसायचा. मी इथं काही बदललं की तिथं बदलायचं. एका पार्लरला एका दिवशी एकच ग्रुप, हा तिचा कायदा. तिला पुण्याला पुढं शिकायचं होतं. ते कॅलेंडर दाखवून दाखवून तिनं अब्बांना, म्हणजे माझ्या दिरांना, ‘बघू’पर्यंत आणलं होतं. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे पाऊण होकार.

आता खरं ते – नाही, थांबा, आधी सुनंदाचं सांगते.

सुनंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण, कासुर्डीला दिलेली. तिच्या थोरलीचं लग्न ठरलं आणि सगळ्यांत आधी तिचाच फॉर्म आला. मग त्याच मुहूर्तावर राहू गावच्या एका बड्या बागायतदाराच्या घरचं लग्न निघालं. त्यांच्या वहिनीसाहेब स्वतः आल्या. गाडी अशी लावली की माझं दारच दिसेना. “समदं तुमच्याकडंच करायचं,” म्हणाल्या. “पुण्याचा व्हिडिओवाला हाय, पार्लरातनंच शूटिंग सुरू करनार.” मला नाही म्हणता आलं नसतं का? जीभ होती की तोंडात. पण मला त्या व्हिडिओत यायचं होतं. नवरीच्या मागं कंगवा घेऊन उभी – मी. हसू नका. बरं, हसा.

मग मी काय केलं? सुनंदाच्या बुकिंगवर माउस ठेवला आणि ते एक घर पुढं सरकवलं. बस्स, एवढंच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीचा मेकअप! मोकळ्या झालेल्या जागेवर राहूचा ग्रुप टाकला. म्हटलं, सुनंदाला फोन करू, काहीतरी मार्ग काढू. आज करू, उद्या करू – फोन हातात घ्यायचे आणि पुन्हा खाली ठेवायचे. मी तो केलाच नाही.

लग्नाच्या दिवशी सुनंदाची जीप दारात. आत राहूच्या करवल्या – कुणाच्या तोंडाला लेप, कुणाची एकच भुवई झालेली. सुनंदा उंबऱ्यातच थबकली. “शमीम, हे काय गं?”

आणि माझं तोंड आपोआप बोललं, “अगं बया! कॉम्प्युटरनं घोळ घातला वाटतं.” स्क्रीन तिच्याकडं वळवली. वर दौंडला फोनही लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं बोलत. पलीकडं रुबीनानं कॅलेंडर उघडलं. म्हणाली, “चाची, हितंबी उद्याचंच दिसतंय. म्हंजी मीच चुकीचं टाकलं.”

एकच खोटं दोन गावांत दिसलं की ते खरं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं ना? मी वहिनीसाहेबांच्या अंबाड्यात पिना खोचत राहिले.

जाऊ दौंडच्या ग्रुपमध्ये अडकलेली, म्हणून रुबीनाच भावाच्या मोटारसायकलवर सामान घेऊन थेट कासुर्डीला गेली. पोरीचा हात कीबोर्डवर बसलेला, भुवईच्या दोऱ्यावर नाही. नवरीची डावी भुवई जागेवर राहिली, उजवी वर चढली. लग्नाच्या प्रत्येक फोटोत ती नवऱ्याकडं ‘काय म्हणालात?’ अशी बघते आहे. हार घालतानासुद्धा.

दीर म्हणाले, “हितं दोन पार्लरचं जमंना, आन् पुण्याला जाऊन काय करनार?” पाऊण होकार गेला तो गेलाच. रुबीना कुणावर चिडली नाही. चिडणार कुणावर? ती पुन्हा पुन्हा कॅलेंडर उघडून आपली चूक शोधत बसली. मी तिला चहा करून दिला, पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, “होतं गं.” वड्याचं तेल वांग्यावर काढलं, आणि वर वांग्याची समजूतही मीच घातली. मला माझीच लाज वाटते.

आता दौंडचं पार्लर रुबीनाच चालवते. हात सुरेख बसलाय. पण एकदा ठरलेली तारीख ती गिऱ्हाइकाला दोन-दोनदा फोन करून विचारते. कुलूप लावून निघाली की अर्ध्या वाटेतून माघारी येऊन ओढून बघते. आधी नव्हती हो ती अशी.

आणि राहूचा तो व्हिडिओ? बघितला मी. त्यात माझं कोपर दिसतं.

परवा मी आणि रुबीना सुनंदाकडं गेलो होतो. तो फोटो तिनं बैठकीतच लावलाय. पाहुणा आला की त्याला आधी फोटो, मग पाणी. “ही बघा, आमच्या कॉम्प्युटरनं कोरलेली भुवई!” सगळे हसले. रुबीनाही हसली आणि दर वेळी धरते तसे कान धरून म्हणाली, “माफ करा मावशी, चूक माझीच.”

सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.