सिलिंडर आणि विरहिणी
आठ वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतरचा रविवार, दुपारी चार. हजर: आमच्या महिला मंडळाच्या साठेक बायका, काहींचे नवरे, नाचणारी ताई आणि सूत्रसंचालन करणारी मी. काल कपाट आवरताना घुंगरांच्या पिशवीत हा कागद सापडला. माझ्याच अक्षरातली कार्यक्रमाची यादी, त्यात तिसरा आणि चौथा नाच बाणांनी उलटापालटा केलेला. ताई, माझी थोरली बहीण, कोल्हापुरात तीस वर्षं भरतनाट्यम शिकवत होती. नुसतं शास्त्रीय आता कुणी बघत नाही, म्हणून मीच तिला एक विनोदी नाच बसवायला लावला: गॅस सिलिंडरची वाट बघणारी बाई. ताई म्हणाली, "विरहिणी आधी घे गं, हे मागनं." मी म्हटलं, "आधी हसव, नाहीतर लोक चहाला उठतात." सिलिंडरला लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मग ताईने प्रियकराची वाट बघणारी विरहिणी सुरू केली. तोच कपाळावरचा हात, तीच दाराकडे लागलेली नजर. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, सिलिंडर आला न्हाय व्हय अजून?" सगळे हसले. मीही हसले. ताईने नाच शेवटपर्यंत केला, आत येऊन घुंगरू सोडले आणि माझ्या हातात दिले. "एकजणसुद्धा चहाला उठला नाही की गं," एवढंच म्हणाली. महिन्याभरात तिने वर्ग बंद केला. आजच्या कामांच्या यादीतलं दळण आणलं, सिलिंडरचा नंबर लावला. 'घुंगरू ताईकडे पोचवणे' मात्र आठ वर्षं पुढच्या यादीत ढकलते आहे, आजही ढकललं.