कस्टमची रवानगी

शालिनीबाई घोरपड्यांचं म्हणणं असं की, माणूस खोटं बोलला तर एक वेळ चालेल, एअरवे बिल खोटं बोलता कामा नये. माणसाला मागाहून खुलासा करता येतो. विमान उडालं की कागद एकटाच बोलतो.

जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या एका निर्यात एजन्सीत त्या कागदपत्रांच्या टेबलावर बसायच्या. जयपुरी रजया, चादरी, निळ्या नक्षीची भांडी असा माल विमानानं परदेशी जायचा. कुणी पाठवला, कुणाला, किती नग, वजन किती, आत काय, हे सगळं त्यांच्या हातून त्या बिलावर चढायचं. नवरा हिंदुराव फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. दोघं मूळचे कोरेगाव तालुक्यातले. शेवटची बदली जयपूरला झाली, मुलाचं, तन्मयचं, कॉलेज चालू होतं, म्हणून शास्त्री नगरात घर घेतलं. तन्मय शिकून बंगळुरूला गेला आणि हे दोघंच इथे उरले.

एजन्सीच्या अंगणात एक तांबडा गावठी कुत्रा असायचा. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक खोक्याचा वास घ्यायचा आणि मगच बाजूला व्हायचा. म्हणून हमालांनी त्याचं नाव ठेवलं कस्टम. शालिनीबाई रोज डब्यात त्याची एक भाकरी वेगळी आणायच्या.

दर हिवाळ्यात डेन्मार्कहून बिर्गिट नावाची एक बाई रजया घ्यायला यायची. त्या वर्षी ती आली तेव्हा तिचा म्हातारा कुत्रा नुकताच गेला होता. माल बघून झाल्यावर ती अंगणातल्या पायरीवर बसली. कस्टम आला, तिच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपला. ती उठायला तयार होईना. शेवटी तिनं मालकांना, गोधाजींना, विचारलं, "ह्याला नेऊ का?"

गोधाजी आधी हसले. मग बाई हसत नाही असं दिसल्यावर म्हणाले, "शालिनीजी, देख लीजिए." कुठलंही अवघड काम ते असंच पार पाडत.

शालिनीबाईंनी देखलं. कुत्र्याच्या कातडीखाली चिप बसवायची, रेबीजची लस द्यायची, महिन्यानं रक्त तपासायला पाठवायचं, आणि त्यानंतर तीन महिने थांबायचं. तोवर कुत्रा रस्त्यावर फिरता उपयोगी नाही, कुणाच्या तरी घरी राहायला हवा. कुणाच्या? सगळे भाकरीच्या डब्याकडे बघत होते.

"अहो, थोडे दिवस," शालिनीबाई घरी म्हणाल्या.

हिंदुरावांनी कुत्र्याला नखशिखांत न्याहाळलं. "आयुष्यभर ऑर्डरी ऐकल्या. कुत्र्याचा ट्रान्झिट कॅम्प चालवायची ऑर्डर पहिल्यांदाच बघतोय."

पण ऑर्डर ती ऑर्डर. सकाळ-संध्याकाळ फिरवणं त्यांच्याकडे आलं. हिंदुरावांचं घराबाहेरचं सगळं बोलणं आताशा हिंदीत व्हायचं. भाजीवाल्याशी हिंदी, शेजारच्या शर्माजींशी हिंदी. तन्मयला फोन केला तर तो म्हणायचा, "पापा, मतलब मी ना, नंतर कॉल करतो." कस्टमला मात्र कुठे जायची घाई नव्हती. त्याच्याशी ते कोरेगावचं बोलायचे. "हिकडं ये. गप बस. आरं, त्या मांजराच्या नादाला लागू नगंस, लई वंगाळ हाय ती." कस्टम मान तिरकी करून सगळं ऐकून घ्यायचा. घरात एवढं मराठी कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

इकडे कागद तयार होत होते. दिल्लीहून एजंटाचा फोन आला, "मॅडम, नाम के कॉलम में डिपार्टमेंट का नाम चला गया है."

"वो नाम ही है."

"किसका?"

"कुत्ते का."

मग एजंट "ठीक है जी" म्हणाला आणि त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

जायचा दिवस आला. कस्टम पिंजऱ्यात बसून गाडीनं दिल्लीला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं परत आला. बिलावर वजन एकोणीस किलो, काट्यावर भरलं चोवीस. शिवाय जनावराला पिंजऱ्यात सरळ उभं राहून वळता आलं पाहिजे हा नियम, आणि कस्टमला वळता येईना. एकोणीसचा आकडा पहिल्या तपासणीचा होता. पुन्हा वजन करायचं शालिनीबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं बिल खोटं बोललं होतं.

"तुम्ही ह्याला काय घालत होता?" त्यांनी विचारलं.

"दूधभाकरी."

"आणि?"

"तूप. वाईच."

"आणि?"

"शर्माजींच्याकडचा चूरमा," हिंदुराव भिंतीकडे बघत म्हणाले. "ते आग्रह करतात."

जेवणं झाली. ताट सारून हिंदुराव म्हणाले, "देवाच्याच मनात नसंल. राहू दे की इथंच."

शालिनीबाईंनाही तेच हवं होतं. कामावरून आल्यावर दाराशी कुणीतरी उड्या मारतं, ह्याची त्यांनाही सवय लागली होती. बिर्गिटला एक ईमेल केली असती की काम भागलं असतं: नियमात बसत नाही, क्षमस्व. तिनं विश्वास ठेवला असता. त्यांचे कागद कधी चुकत नाहीत हे तिला माहीत होतं.

सकाळी बिर्गिटचीच ईमेल आली. तिनं अंगणाला कुंपण घालून घेतलं होतं. विचारत होती, की एवढ्या प्रवासात तो घाबरेल का.

शालिनीबाईंनी ती वाचली आणि सुताराला फोन केला. मोठा पिंजरा सांगितला. मग हिंदुरावांना म्हणाल्या, "आजपासून तूप बंद. आणि शर्माजींना मी सांगते."

"का पण?"

"शब्द दिलाय. आणि ती बाई कुंपण घालून बसलीये."

हिंदुराव उठले, चपला घातल्या आणि कस्टमला घेऊन नेहमीपेक्षा लांब फेरी मारून आले. त्यानंतर रोजच लांब फेरी होऊ लागली.

दुसऱ्या खेपेला वजन आदल्या दिवशी झालं, तेच बिलावर चढलं. पिंजरा बंद करायच्या वेळी शालिनीबाईंना आत काहीतरी हिरवं दिसलं. त्यांनी वाकून बघितलं. हिंदुरावांची फौजेतली लोकरी जर्सी होती, कोपरांना ठिगळं असलेली. जे कागदावर नाही ते खोक्यात जाणार नाही, हा त्यांचा नियम एजन्सीत लहानथोर सगळ्यांना पाठ होता. हमाल थांबले. हिंदुराव गाडीचे टायर तपासत होते.

"अंथरूण आहे," शालिनीबाई म्हणाल्या. "अंथरूण लागतंच. नियमात आहे." आणि त्यांनी कडी लावली.

दोन दिवसांनी संगणकावर माल पोचल्याची नोंद आली. घरी जाऊन त्या म्हणाल्या, "पोचला."

"डॅमेज?"

"काही नाही."

"बरं," हिंदुराव म्हणाले, आणि कस्टमची फिरायची वेळ झाली तशी चपला घालून एकटेच बाहेर पडले.

आठवड्यानं बिर्गिटचा फोन आला. कुत्रा गुणी आहे, खातोय, पण हाक मारली तर येत नाही. डॅनिश समजत नाही, इंग्रजी समजत नाही. तिनं इंटरनेटवरून थोडं हिंदीही शिकून बघितलं, काही उपयोग नाही. काय करावं?

शालिनीबाईंनी फोन नवऱ्याकडे दिला. हिंदुरावांनी घसा खाकरला आणि परेडला उभे असल्यासारखे एकेक शब्द सांगितले. हिकडं ये. गप बस. खा. शाब्बास माझ्या वाघा. बिर्गिटनं सगळं लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी तिचा एक आवाजी संदेश आला. आधी वारा, मग एक बाई जीव तोडून ओरडते, "हिकडं ये! हिकडं ये!" आणि मग धावत येणारी पावलं, जवळ जवळ, आणि आनंदानं केलेलं भुंकणं.

हिंदुरावांनी तो कानाला लावून तीनदा ऐकला. शालिनीबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"'ड'वर जोर कमी पडतोय तिचा," ते शेवटी म्हणाले. "होईल सवयीनं."