पिरोगीच्या टेबलाखालचा जाणकार

ओदार्काला मर्डो पहिल्यांदा दिसला तो टेबलाखाली. कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतातल्या त्या गावात जुन्या बंदुकांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि हा सत्तरीचा गृहस्थ चर्चच्या बायका पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, विकत होत्या त्या टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"अहो, मर्डो तुम्हीच ना?" ती वाकून म्हणाली. तिच्या हातात आजोबांची रायफल होती. घोडेस्वार पोलिसांची, खालचा दांडा ओढून भरायची. "विकायचीय. पण खरी की खोटी, हे म्हणे तुम्हीच सांगाल."

"मर्डो आज आलेला नाही," टेबलाखालून उत्तर आलं. मग तो पलीकडून रांगत निघाला आणि चक्क पळाला.

शेजारच्या टेबलावर जुन्या बंदुका मांडून बसलेला लार्स पोट धरून हसत होता. "बाई, इथे ज्यानं किंमत सांगितली त्यानं ती वस्तू घ्यायची नाही, असा रिवाज आहे. अशी रायफल तो जन्मभर शोधतोय. दुसऱ्या कुणी भाव सांगितला, तरच मर्डोला ती घेता येईल ना!"

"मग तुम्ही सांगा."

"मी? छे! सगळं गाव त्यालाच विचारतं."

ओदार्कानं मर्डोला मागच्या दाराबाहेर, मोटारींच्या मधल्या बर्फात गाठलं. "भाव राहू द्या. नुसती धरा तरी."

धरल्यावर काय होणार! त्याचा अंगठा आपोआप लाकडाच्या खालच्या अंगाला गेला. खोगिरावर आडवी ठेवून वर्षानुवर्षं दौड केल्यानं तिथे खळगा पडला होता, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. नकली रायफलीवर असा खळगा कानस मारून करतात, तो बोटाला टोचतो. मर्डो आधी खुदखुदला, मग खदखदून हसला, मग गिरकी घेताना घसरून बर्फात बसला. रायफल मात्र त्यानं डोक्यावर उंच धरली होती.

"खरी आहे हो! अस्सल! आठ हजार डॉलरला एक सेंट कमी घेऊ नका!"

आवाज ऐकून दारात माणसं जमली, लार्स सगळ्यांत पुढे.

"गाढवा, बोललास ना!" लार्स ओरडला. "गेली आता हातची!"

"गेली," मर्डो डोळे पुसत म्हणाला. हसू काही थांबेना. "पण लार्स, तू हात लावून बघ रे, हात लावून बघ!"

इतका आनंदलेला माणूस ओदार्कानं स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता. रायफल विकायचा विचार तिनं तिथेच सोडला.

हल्ली मर्डो दर रविवारी तिच्याकडे जेवायला असतो, आणि रायफलीला तेल तोच लावतो.