पश्चिमेला बांधलेल्या ताडपत्र्या

जुन्या जालन्यात अजूनही काही लोक सांगतात, की त्या तुफानात थोरल्या पेढीच्या शेठनं मला छप्पर दिलं, म्हणून मी व्यापारी झालो. हे सांगणारे सगळे त्यांच्या पंगतीला बसणारे. खरं काय झालं ते मी सांगतो.

मी त्याच बाजारात हमाली केली होती. पाठीवरची पोती उतरवून मी स्वतःचा माल घ्यायला लागलो, हे तिथल्या शेठलोकांना कधीच पचलं नाही. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. त्या साली टेंभुर्णीच्या अंगाला गावोगाव फिरून, शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसून, घासाघीस करकरून मी पहिल्यांदा स्वतःचा कापूस गोळा केला. बायकोचे गहाण टाकलेले दागिने आणि माझी सगळी शिल्लक त्या एका ढिगात होती. ढीग बाजाराच्या आवारात उघड्यावर पडलेला. शेजारी जीन होती, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिथं पाळी पेढीच्या मानाप्रमाणे लागायची. माझा मान शून्य, म्हणून पाळी शेवटची.

आवारात पत्र्याचं एक मोठं छप्पर होतं. पश्चिमेला दगडी भिंत, पूर्वेची बाजू गाड्या आत घ्यायला सताड उघडी. त्याखालची जागाही मानाची. कुठल्या पेढीचा माल कुठं पडणार हे त्यांच्या आज्या-पणज्यांनी ठरवून ठेवलेलं.

दिवाळी होऊन गेली होती. स्टेशनवरच्या तारबाबूनं सांगितलं की पूर्वेच्या समुद्रात तुफान उठलंय, किनारा झोडपून ते आत सरकतंय, एक-दोन दिवसांत आपल्याकडे पोचेल. बाजारात ही बातमी पोचली तेव्हा हसून हसून लोकांची पोटं दुखली.

"कुंडलिकेत घोटाभर पाणी न्हाई, आन् हा समुद्राच्या गोष्टी सांगून राह्यला!"

"तुफान रेल्वेनं येतं का? तिकीट कोणी काढलं त्याचं?"

तारबाबू मलाही फारसा आवडत नसे. फुकटचं पान खाऊन तासभर बोलणारा माणूस. पण तो किनाऱ्यावर वाढलेला. त्या दिवशी मी त्याला स्वतः पान दिलं आणि बोलू दिलं. त्यांच्या गावी अशी वर्दी आली की नावा ओढून वर आणतात आणि उलट्या घालून ठेवतात. छपरांवरून जाड दोर टाकून खुंट्यांना आवळतात. म्हातारी माणसं आणि तांदूळ देवळाच्या टेकडीवर नेतात.

मी विचारलं, "बाबूजी, हवा किधरसे आती?"

"समंदर किधर है? उधरसेच आती," तो म्हणाला.

मला तेवढंच हवं होतं.

दुपारी तहसिलीतून वर्दी आली, की जो तो आपला माल सांभाळा. सरकारी माणूस बोलला म्हटल्यावर बाजाराचं हसू थांबलं आणि तयारी सुरू झाली. तयारी कशी? आधी सगळ्या पेढ्यांचे शेठ गादीवर जमले आणि कोण कुणाच्या वर बसणार यावरून रुसवेफुगवे झाले. मग ठरलं की ताडपत्र्या बांधायच्या. पण पहिली ताडपत्री थोरल्या पेढीच्या शेठच्या हातून, नारळ फोडून बांधायचा रिवाज. शेठ जेवून झोपलेले. आभाळ पूर्वेकडून काळं होत होतं, आणि बाजारातले झाडून सगळे हमाल दोऱ्या हातात घेऊन एका माणसाची झोप संपायची वाट बघत उभे! अशा लोकांना मी शहाणं म्हणायचं?

शेठ उठले, नारळ फुटला, आणि माणसं ताडपत्र्या घेऊन निघाली ती थेट पश्चिमेच्या भिंतीकडे. मी आडवा आलो.

"शेठजी, ताडपत्र्या पूर्वेला बांधा. तुफान तिकडून येऊन राह्यलं."

"पाऊस कोणीकडून येतो रे?"

"मिरगाचा पश्चिमेकडून येतो. हा मिरगाचा न्हाई."

"आमच्या आज्यानं भिंत पश्चिमेला घातली. तो काय येडा व्हता?"

"भिंत हाय म्हणूनच म्हणतो. टोपीवर आणखी टोपी कशाला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काल पोती उचलत व्हता, आज दिशा शिकवून राह्यला." सगळे खो खो हसले. शेठही हसले.

मी राग गिळला. कापूस माझा होता, गिळणं भाग होतं. "मंग निदान माझा ढीग आत घेऊ द्या. अर्धं छप्पर रिकामं हाय."

"ती धाकट्या पेढीची जागा."

"त्यांचा माल आलाच न्हाई."

"माल येवो न येवो, जागा त्यांची."

मी घासाघीस केली. हंगामभर त्यांची हमाली फुकट करतो म्हणालो. आज हे लिहिताना माझेच दात आवळले जातात. शेठ म्हणाले, "हमाली करायचीच व्हती तर सोडली कशाला?"

त्यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मला छपराखालून हाकललं.

बायको फाटकाशी उभी होती. ती म्हणाली, "तोंड चालवून झालं असंल तर आता हात चालवा. त्या भिंतीमागं जागा हाय की."

भिंतीमागे अरुंद पट्टी होती. लोक तिथं लघवीला जात आणि कचरा टाकत. म्हणून तिच्यावर कुणाचा मान नव्हता. शेठच्या माणसांनी भिंतीच्या माथ्यावरून ताडपत्र्या खाली सोडून जमिनीत खुंट्यांना ताणल्या होत्या. खाली आयती तिरपी खोली तयार झालेली. आम्ही कचरा लोटला, तुराट्यांचा जाड थर घातला आणि चादरींच्या गाठोड्यांतून कापूस वाहायला लागलो. एकाही हमालाला बोलवायची सोय नव्हती, सगळे शेठच्या हुकमात. शेवटची गाठोडी आणताना वारा सुटला. पूर्वेचा.

असा पाऊस मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो वरून येत नव्हता, आडवा येत होता. छपराच्या उघड्या बाजूनं आत घुसला आणि मानाच्या सगळ्या जागा क्रमवार भिजवत भिंतीपर्यंत गेला. भिंतीनं तिथं त्याला अडवलं. भिंतीमागे ताडपत्रीखाली मी आणि बायको पाठीला पाठ लावून बसलो होतो. आमच्याकडे उडाले ते फक्त शिंतोडे.

सकाळी आत चिखल आणि कापूस वेगळे ओळखू येत नव्हते. शेठ फिरत फिरत मागे आले, वाकून पाहिलं आणि एकदम म्हणाले, "ही ताडपत्री आमची हाय."

"हाय ना."

"मंग तिच्याखाली वाचला तो माल आमच्या पाळीनं जीनमंदी जाईल. वाटा मागाहून बघू."

रात्रभर ज्यांना आपला माल वाचवता आला नाही, ते सकाळी माझा वाटायला आले! मी खुंट्या उपटल्या, ताडपत्रीची नीट घडी केली आणि ती त्यांच्या पायाशी ठेवली. आभाळ स्वच्छ झालं होतं, ऊन पडलं होतं.

"घ्या शेठजी, तुमची ताडपत्री. आता आतल्या मालावर घाला, उन्हानं खराब व्हईल."

जीनवाल्याला ओला कापूस घेता येईना, तो यंत्रात गुंडाळून बसतो. त्याचा बॉयलर पेटलेला, आणि अख्ख्या बाजारात कोरडा माल माझा एकट्याचा. तो स्वतः आवारात आला आणि मोठ्यानं म्हणाला, "कोरडा हाय त्याची पाळी." मान, पेढी, आजा, पणजा, कुणाचं काही चाललं नाही. दुपारी माझा कापूस जीनमध्ये गेला. घासाघीस यावेळी दुसऱ्यांनी केली. मी फक्त नाही म्हणत गेलो, माझा भाव येईपर्यंत.

संध्याकाळी शेठचा मुनीम निरोप घेऊन आला. बाजाराच्या पंचांनी ठरवलंय, तुला छपराखाली एक कोपरा द्यायचा.

मी म्हणालो, "त्यांना म्हणावं, आधी तो वाळू द्या." आणि बायकोचे दागिने सोडवायला निघालो.